कुत्र्यासकट घर शोधताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर सुटलं, पण कुत्रं सोडायचं नाही, अशी माणसं बसस्थानकाच्या कडेला, उड्डाणपुलाखाली, मंदिराच्या ओवरीत आणि साखर कारखान्याच्या कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत) सगळीकडे आहेत. त्यांना मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: आधी कुत्रं सोडा, मग खोली बघा. हा सल्ला आम्हाला पटत नाही. कुत्र्यासकट छप्पर मिळतं. फक्त शोधायच्या जागा वेगळ्या असतात आणि तयारी आधीपासून लागते. खालची उत्तरं मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांतली परिस्थिती धरून दिली आहेत.

महापालिकेच्या निवारा केंद्रात कुत्र्याला घेतात का?

बहुतेक ठिकाणी नाही. शहरी बेघर निवारे एक लाख लोकसंख्येमागे एक, या हिशोबाने उभे करायचे असतात. तिथं झोपायची जागा, पाणी, संडास, सामान ठेवायची सोय असते. जनावरांसाठी काही नसतं. पण अंगण किंवा कंपाउंड असलेल्या केंद्रात व्यवस्थापकाने मनावर घेतलं तर कुत्रं फाटकाच्या आत बांधू देतात. विचारायला रात्री दहाला जाऊ नका. दुपारी जा, लसीचं कार्ड दाखवा, दोरी स्वतःची न्या आणि घाण स्वतः उचलीन असं आपणहून सांगा.

नाही म्हणाले तरी केंद्राच्या रजिस्टरवर नाव येईल असं बघा. दिवसा जेवायला, अंघोळीला गेलात तरी ओळख होते, आणि पुढे कागदपत्रांसाठी हीच ओळख कामाला येते.

तोपर्यंत रात्री कुठं थांबावं? बसस्थानक चालेल का?

कुत्रं सोबत असेल तर बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि सरकारी दवाखान्याचं आवार टाळा. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरण करून निवाऱ्यात ठेवायचे आदेश दिले. तिथून उचललेलं कुत्रं परत त्याच जागी सोडायचं नाही, असंही त्यात आहे. तुमचं कुत्रं पाळीव आहे हे कुत्री उचलणाऱ्या गाडीवरच्या माणसाला दिसायला हवं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरीचं टोक तुमच्या मनगटाला. नुसतं शेजारी झोपलेलं कुत्रं भटकंच समजलं जातं.

माझ्याकडे एकही कागद नाही. सुरुवात कुठून करू?

आधारपासून. इथं एक चूक फार होते. कार्ड हरवलं म्हणून लोक नव्याने नोंदणी करतात, आणि काही आठवड्यांनी अर्ज नाकारल्याचा मेसेज येतो, कारण ठसे आधीच नोंदलेले असतात. कार्ड हरवलं असेल तर नवीन काढू नका, जुना नंबर शोधून मागा. आधार केंद्रावर बोटांच्या ठशांवरून तो मिळतो. ऊसतोड, वीटभट्टी किंवा सेंट्रिंगच्या कामाने बोटं घासली असतील तर ठसे लागत नाहीत. अशा वेळी डोळ्यांचं स्कॅन घ्या म्हणून आग्रह धरा.

पत्त्याचा पुरावा नसेल तर आधारचा ठरलेल्या नमुन्यातला दाखला असतो. त्यावर मान्यताप्राप्त निवारा केंद्राचा प्रमुख, नगरसेवक, तहसीलदार, गावात सरपंच अशांपैकी कुणीही सही-शिक्का देऊ शकतो. फोटोवर अर्धा शिक्का आला पाहिजे. दाखल्यावर तारखेपासून तीन महिन्यांची मुदत असते. तारीख उलटली की सगळी धावपळ पुन्हा, म्हणून सही झाली की त्याच आठवड्यात केंद्रावर जा.

मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागत नाही. फॉर्म ६ मध्ये तुम्ही जिथं झोपता ती जागा लिहायची. बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा कर्मचारी) रात्री येऊन तुम्ही खरंच तिथं असता का ते बघतो. एकाच जागी काही दिवस टिकून राहणं त्यासाठी गरजेचं आहे.

यानंतर शून्य शिल्लक जनधन खातं, मग रेशन. जुनं कार्ड गावी असेल आणि आधार जोडलेलं असेल तर धान्य देशात कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून मिळतं. पुसदचं कार्ड नांदेडला चालत नाही असं दुकानदाराने सांगितलं तरी ते खरं नाही. निराधार, विधवा, दुर्धर आजारी असाल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज द्या. महिना १,५०० रुपये मिळतात. भाड्याचं गणित बसवताना तेवढीच एक कायम रक्कम हाताशी असते.

कुत्र्याचे कागद कोणते लागतात?

खरं तर एकच: लसीकरण कार्ड. पण ते नीट हवं. रेबीजच्या लसीच्या बाटलीवरचं स्टिकर, तारीख, पुढची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का. तीन महिन्यांच्या वयाला पहिली लस, महिनाभराने बूस्टर, पुढे दरवर्षी. मोठ्या कुत्र्याला आधी टोचलं होतं की नाही हे माहीत नसेल तर नव्याने सुरू करायला हरकत नसते.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने तालुक्याला आणि मोठ्या गावांत आहेत. तिथं भर गाई-म्हशींवर असतो, त्यामुळे कुत्र्याची लस शिल्लक नसू शकते. मग चिठ्ठी लिहून घ्या, मेडिकलमधून लस आणा आणि तिथंच टोचून घ्या. लस थंड राहिली पाहिजे, म्हणून दुकानदाराकडून बर्फाच्या पिशवीत मागा आणि उन्हात फिरत बसू नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. हाड मोडणं, गाठी, अवघड बाळंतपण अशा गोष्टी तिथं न्याव्यात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा नंबर आहे.

नसबंदी करून घ्या, मादी असेल तर नक्कीच. मादी वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दर खेपेला तीनेक आठवडे दारात नरांची झुंबड आणि रात्रभर भांडणं. घरमालक खोली खाली करायला सांगतो ते बऱ्याचदा याच दिवसांत. महापालिकेच्या केंद्रात नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. तुमचं कुत्रं पाळीव आहे आणि ऑपरेशननंतर तुमच्याच ताब्यात हवं, हे देतानाच लिहून द्या. नाहीतर नियमाप्रमाणे ते जिथून आणलं तिथं सोडतात. महापालिका हद्दीत कुत्र्याचा परवानाही काढून ठेवा.

कुत्र्यासकट खोली कोण देतं?

फ्लॅटच्या जाहिराती बघत बसू नका, दिवस जातील. जिथं कुत्रं असणं मालकाच्या फायद्याचं आहे तिथं आधी विचारा. चालू बांधकामाची साइट, जिथं सिमेंट-सळईची राखण हवी असते. गोदामं, कापसाच्या जिनिंग, बंद पडलेले कारखाने. शाळा-मंगल कार्यालयाच्या आवारातली वॉचमनची खोली (शाळेत मात्र वरचा न्यायालयाचा आदेश लक्षात ठेवा, कुत्रं मोकळं दिसता कामा नये). शहराच्या कडेची नवी लेआउट, जिथं प्लॉटवर एकच पत्र्याची खोली असते आणि मालक दुसरीकडे राहतो. अशा मालकाला भाड्याइतकीच जागेवर कुणीतरी असण्याची गरज असते.

दुसरी जागा म्हणजे शेतावरचा आखाडा, म्हणजे रानातली राहायची जागा. त्याचं उत्तर खाली वेगळं दिलंय, कारण त्यात खोल पाणी आहे.

वाड्यातल्या किंवा चाळीतल्या खोल्यांना शेवटी हात घाला. एका नळावर सहा बिऱ्हाडं, सामाईक संडास आणि लहान लेकरं असली की कुत्र्यावरून पहिल्याच आठवड्यात वाद होतो, मग चूक कुणाचीही असो.

घरमालकाला कुत्र्याचं आधीच सांगावं का?

हो, पहिल्याच भेटीत. पण कुत्रं सोबत घेऊन जाऊ नका. आधी स्वतः जा, भाड्याचं बोला, मग कार्ड पुढे करा आणि दुसऱ्या दिवशी कुत्रं दाखवायला आणतो म्हणा. आणण्याआधी दमवून, शी-शू करवून आणा. लपवून राहणं दोन-चार दिवसही निभत नाही, आणि उघडं पडलं की डिपॉझिटमधून कापून काढतात.

भाडेकरारात काय लिहून घ्यावं?

आधी हे बघा की करार नोंदवलेला आहे का. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी झालेली नसेल तर वादाच्या वेळी, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. मुद्रांक शुल्क वेगळं. नुसत्या बाँडवर नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, हे मालकालाही अनेकदा ठाऊक नसतं. पोलिस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्यायचा फॉर्मही भरायला लावा. त्याची पोच हा तुमच्या राहण्याचा चांगला पुरावा होतो.

कुत्र्याबद्दल साधं वाक्य पुरे: "भाडेकरूसोबत एक पाळीव कुत्रा (रंग, वय, नर/मादी) राहील, त्यास मालकाची संमती आहे. कुत्र्यामुळे झालेलं नुकसान भाडेकरू भरून देईल." सोबत राहायला जायच्या दिवशी दार, चौकट, फरशी, भिंतींचे खालचे दोन फूट यांचे फोटो काढून मालकाच्या व्हॉट्सअॅपवर टाका. भांडण नेमकं त्याच दोन फुटांवरून होतं.

डिपॉझिट एकरकमी नसेल तर तीन हप्ते मागा आणि प्रत्येकाची पावती घ्या. एक महिन्याचं भाडं आगाऊ दिलं की बरेच मालक नरमतात.

सालगडी (वर्षाच्या बोलीवरचा शेतमजूर) किंवा राखणदार म्हणून शेतावर राहिलो तर?

कुत्रं असलेल्या माणसाला सगळ्यात लवकर मिळणारं घर हेच. रानडुकरं, चोऱ्या, मोटारीची केबल यांमुळे शेतकऱ्याला माणूस आणि कुत्रं दोन्ही हवं असतं. साल गुढीपाडव्याला बदलतं, म्हणून बोलणी फाल्गुनात होतात. पाडवा उलटल्यावर फिरलात तर उरलेल्या, कुणी न घेतलेल्या जागा वाट्याला येतात.

अडचण अशी की काम सुटलं की छप्परही सुटतं. शिवाय उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. साल ठरवताना मोठी उचल घेतली आणि ती फिटली नाही, तर पुढच्या पाडव्याला पाय निघत नाही. कर्जापोटी कुणाला कामाला जखडून ठेवणं १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, पण रानात एकट्या माणसाला तो कायदा सांगायला कुणी येत नाही. म्हणून उचल दोन-तीन महिन्यांच्या पगाराच्या आत ठेवा, घेतलेला प्रत्येक रुपया तारखेसह वहीत लिहा आणि मालकाची सही घ्या.

कुत्र्यासाठी धोके वेगळे. कन्नड-गौताळा, आष्टी, पाटोद्याकडे बिबट्याचा वावर आहे. तिथं रात्री बाहेर बांधलेलं कुत्रं म्हणजे आयतं भक्ष्य. आत घ्या किंवा जाळीचा खुराडा करा, वरूनही जाळी हवी. डुकरांसाठी पेरलेलं विष आणि फवारणीचे रिकामे डबे याबद्दल आल्याबरोबर मालकाला विचारून घ्या.

साखर कारखान्याहून परत आलो, गावातलं घर पडलंय. कुत्रं ऊसतोडीच्या टोळीबरोबरच होतं. आता?

अतिवृष्टीत किंवा पुरात पडलं असेल तर तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये, झोपडीला ८,००० रुपये असा आपत्तीचा निकष आहे. सगळा फरक पंचनाम्यात "घर" लिहिलंय की "झोपडी" यावर पडतो, म्हणून सही करण्याआधी वाचा किंवा वाचून घ्या. दगावलेल्या दुभत्या जनावराला ३७,५०० रुपये मिळतात. कुत्र्याला या यादीत जागा नाही.

घरकुल मिळू शकतं का?

मिळू शकतं, पण वाट लांब आहे. ग्रामीण आवास योजनेत निवारा नसलेलं कुटुंब आपोआप पात्र धरलं जातं. १,२०,००० रुपये बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्याने खात्यात येतात, शौचालयाचे १२,००० वेगळे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, अनुसूचित जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत मिळते. ग्रामसेवकाकडे अर्जाची पोच घ्या आणि ग्रामसभेत यादी वाचतात त्या दिवशी हजर राहा. वर्षानुवर्षं बाहेरगावी असलेल्या कुटुंबाचं नाव "गावात राहत नाही" म्हणून तिथंच वगळलं जातं.

कुत्रं घरात राहतच नाही. रात्रभर ओरडतं, दार खरवडतं. काय करावं?

सगळ्यात जास्त घरं राहायला गेल्यावरच्या पहिल्या महिन्यात हातची जातात, म्हणून हे सविस्तर.

उघड्यावर वाढलेल्या कुत्र्याला बंद दार कळत नाही. तुम्ही चोवीस तास डोळ्यासमोर होता, आता अचानक कडी लागते आणि तुम्ही गायब. ते हट्ट करत नसतं, घाबरलेलं असतं. मारून उपयोग नाही. मारलं की ओरडणं वाढतं.

पहिले तीन-चार दिवस कामावर जाणं टाळता आलं तर टाळा, नाहीतर घरात कुणीतरी राहील असं बघा. झोपायला जुनीच गोधडी द्या, धुऊ नका. मग कडीपासून सुरुवात. कडी वाजवा, पण बाहेर जाऊ नका. पुन्हा पुन्हा, कुत्रं मान वर करायचं सोडेपर्यंत. नंतर बाहेर जाऊन दहापर्यंत मोजा आणि परत या. मग मिनिटभर, पाच मिनिटं, नळावर जाऊन येईपर्यंत. आल्यावर लाड नकोत, गेल्यावर निरोप नको. ओरडत असताना दार उघडलं तर ओरडलं की दार उघडतं हेच ते शिकतं. दोन क्षण शांत झालं की उघडा.

पत्र्याच्या दाराखाली चार बोटं फट असते. तिथून रस्त्यावरचे पाय, मांजरं, मोटारसायकलची चाकं दिसतात आणि रात्रीचं निम्मं भुंकणं त्या फटीमुळेच होतं. बारदानाची गुंडाळी करून तिथं दाबून ठेवा आणि कुत्र्याची जागा दारापासून लांबच्या कोपऱ्यात करा.

घरात लघवी केली तर फिनाइल ओतू नका, चाटलं तर कुत्र्याला बाधतं. पाण्यात व्हिनेगर मिसळून पुसा, वास जातो. पहाटे, दुपारी, संध्याकाळी आणि झोपण्याआधी बाहेर काढा.

निदान महिनाभर दोरीशिवाय सोडू नका. जुनी जागा दोन-चार किलोमीटरवर असेल तर सुटलेलं कुत्रं सरळ तिथं जाऊन बसतं, आणि मधल्या रस्त्यावर गाड्या असतात. नव्या गल्लीतली कुत्री अंगावर येतात तेव्हा पळू नका, तुमचं कुत्रं उचलूही नका. हळू चालत कडेने निघा, रोज त्याच वेळी त्याच वाटेने. काही दिवसांत त्यांना सवय होते.

शेजारी म्हणतात कुत्रं काढा. कायदा काय सांगतो?

भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ साली स्पष्ट केलंय की सोसायटीला ठराव करून पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. पण कायदा दाखवून शेजार टिकत नाही. ओरडण्याची तक्रार असेल तर महिन्याची मुदत मागा, घाणीची असेल तर त्याच दिवसापासून पिशवी घेऊन फिरा. दबावाखाली कुत्रं लांब नेऊन सोडणं हा मात्र १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. दंड ऐकून हसू येईल: पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळा कसा काढायचा?

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी बारा ते पाच कुत्र्याला बंद पत्र्याखाली ठेवूच नका. सावलीत, झाडाखाली बांधा. पत्र्यावर चुना मारा किंवा कडबा अंथरा. वर दगड ठेवा, वाऱ्याने उडतो. ओलं बारदान बसायला द्या. पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण लिटरभर पाणी, उन्हाळ्यात दीड-दोन लिटर. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गल्लीत हे साठवणीच्या हिशोबात आधीच धरा.

जीभ गडद लाल, घट्ट लाळ, पाय लटपटतायत, तर उन्हाचा झटका समजा. पोट, काखा आणि पंजांवर साधं पाणी ओता, बर्फाचं नको, वारा घाला आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

खायला काय आणि किती?

पंधरा किलोच्या कुत्र्याला दिवसाला ज्वारीच्या दोन भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि शे-दीडशे ग्रॅम हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन पुरतं. चिकनच्या दुकानात संध्याकाळी उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. कांदा-लसणाची आमटी, ठेचा, शिजवलेली हाडं देऊ नका. माणसाच्या तापाच्या गोळ्या तर अजिबात नाहीत. जंताचं औषध तीन महिन्यांनी, वजन सांगून घ्या. गोचिडांसाठी पावसाळ्यात रोज कान आणि बोटांच्या बेचक्या बघा.

कुणाला चावलं तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायला लावा, हळद-चुना-मिरची लावू देऊ नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्या. इंजेक्शन फुकट असतं. कुत्र्याचं लसीचं कार्ड सोबत न्या. कुत्रं दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा.

मला दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर कुत्र्याचं काय?

आजारी पडण्याआधी दोन माणसं ठरवा, एक गल्लीतला आणि एक लांबचा. कुत्र्याने त्या दोघांच्या हातून आधी चार-सहा वेळा खाल्लेलं हवं, नाहीतर जवळ येऊ देत नाही. खिशात एक चिठ्ठी ठेवा: कुत्रं कुठं आहे, नाव काय, किल्ली कुणाकडे, फोन कुणाला करायचा. १०८ ची गाडी आली की कुत्रं मागे पळतं, तेव्हा चढण्याआधी दोरी कुणाच्या तरी हातात द्या.

रेल्वेने दुसऱ्या गावी नेता येतं का?

जनरल किंवा स्लीपर डब्यात नाही. गार्डच्या डब्यातल्या पेटीत नेता येतं, किंवा फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घेतला तर सोबत. पेटीसाठी गाडीच्या काही तास आधी पार्सल ऑफिसला लसीचं कार्ड आणि डॉक्टरचा तब्येतीचा ताजा दाखला घेऊन जा. पेटी लहान असते आणि उन्हाळ्यात तापते, त्यामुळे नांदेड-परभणी-जालना मार्गावर रात्रीची गाडी धरा. प्रवासाआधी पोटभर खायला घालू नका, पाणी पाजा, आणि मोठ्या स्टेशनवर गाडी थांबली की गार्डच्या डब्यापर्यंत जाऊन पुन्हा पाणी द्या.